चिन्नोरची बरणी

माझ्याविषयी या शहरात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली आमचे नागपूरचे डॉक्टर सांगतात. ज्याने तरुणपणी दीक्षा घेतली, ज्याने सख्ख्या वडिलांचे श्राद्ध करायला भावकीसमोर नकार दिला, त्याने शिकागोत येऊन एका परक्याच्या मुलाला पिंड दिला, असे ते म्हणतात. दुसरी गोष्ट कंबोडियातून आलेली एक बाई सांगते. तिच्या मामाने आपल्या हरवलेल्या मुलाचा शोध सोडला तो माझ्यामुळे, असे तिचे म्हणणे आहे. डॉक्टरांची गोष्ट जेवणे आटोपल्यावर हसत सांगितली जाते. त्या बाईची गोष्ट कुणी हसत सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पहाटेच्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. आजवर मी त्यांना तोंडी उत्तरे देत आलो. तोंडी दिलेले उत्तर पुढच्या संमेलनापर्यंतही टिकत नाही, म्हणून आता लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो आणि डेव्हन ॲव्हेन्यूपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होतो. त्या रस्त्यावर साड्या, मिठाई, डाळी, सगळे मिळू लागले होते. विहार मात्र नव्हता. आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली बौद्ध कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच, आणि पौर्णिमेची वंदना कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफा बाजूला सरकवून होत असे. अशात कळले, की सरोवराच्या बाजूला निर्वासित म्हणून आलेल्या कंबोडियन लोकांनी, म्हणजे खमेर लोकांनी, एका दुमजली घरात विहार मांडला आहे. डॉक्टर आणि मी पाहायला गेलो. डॉक्टर एकदाच आत आले. भिंतीवरची भुताखेतांची चित्रे पाहून ते परतताना गाडीत म्हणाले, "हा धम्म नाही, ही भेसळ आहे." मी पुन्हा पुन्हा जात राहिलो.

तिथे मला ते म्हातारे गृहस्थ भेटले. सगळी मुले त्यांना 'ता' म्हणत. खमेर भाषेत ता म्हणजे आजोबा. माझ्यापेक्षा ते फार तर दहा-बारा वर्षांनी मोठे असतील, पण मीही त्यांना ताच म्हणू लागलो. आमच्यात सामाईक भाषा म्हणजे त्रिसरणाची पाली, आणि तीही ते अशा उच्चारात म्हणत, की पहिल्या दिवशी मला ते काही वेगळेच म्हणत आहेत असे वाटले. बाकीचे बोलणे त्यांच्या भाचीमार्फत होई. ती एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला होती आणि इंग्रजी छान बोलत असे. तिचे बोलणे मी इथे मराठीत देतो आहे. माझ्या पत्नीने तिला 'काका' आणि 'काकू' हे दोन शब्द शिकवले होते. ते ती इतक्या आपलेपणाने वापरी, की आमच्या इथे जन्मलेल्या मुलीला त्याचा हेवा वाटे.

तांची पत्नी आणि दोन मुली त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. भुकेने. ते हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलत नसे. थोरल्या मुलाचे मात्र काय झाले, हे त्यांना ठाऊक नव्हते. तिथल्या नव्या राजवटीने गावातल्या तरुणांना कालवे खोदायला म्हणून नेले, त्यात तो गेला आणि परत आला नाही. मेला म्हणून निरोप नाही, जिवंत म्हणून निरोप नाही. हरवलेल्यांचा शोध घेणारी एक कचेरी शहरात होती. ता दर महिन्याला बसने तिथे जाऊन बसत. तिथली मुलगी नम्रपणे मान हलवी आणि ते परत येत.

आता त्यांच्या गावाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. ती मी त्यांच्या स्वयंपाकघरात, भाचीच्या तोंडून, एकदा नव्हे अनेकदा ऐकली आहे, तेव्हा मला ती माहीत नव्हती असे कुणी म्हणू नये.

पावसात त्यांच्या गावाभोवती सगळे पाणीच पाणी होई. पाणी ओसरले, की गावाच्या खालच्या अंगाला एक डबके उरे आणि ओसरत्या पाण्याबरोबर परतू न शकलेले मासे त्यात अडकत. गावातली जाणती माणसे दिवस ठरवीत. त्या दिवसापर्यंत पाण्यात कुणी हात घालायचा नाही. त्या सकाळी आधी गावाच्या राखणदार पुरुषाला भात आणि दारू ठेवायची आणि मग सगळ्या गावाने एका ओळीत पाण्यात उतरायचे. बायका, पोरे, भिक्खूंचे आईबाप, सगळ्यांनी. हातात तळ नसलेली बांबूची टोपली असे. ती पाण्यात दाबायची, आत काही फडफडले, की वरच्या तोंडातून हात घालून धरायचे. ज्याला काहीच सापडले नाही त्यालाही रिकाम्या हाताने पाठवत नसत. त्यानंतर मिठात घालून वर्षभराचा मासा मुरवत. त्या वेळी घरातले जे माणूस गावाला गेले असेल, सैन्यात असेल, शहरात असेल, त्याचा वाटा वेगळ्या बरणीत भरून ठेवायचा. ता म्हणत, "माणूस आला नाही तरी त्याची भूक घरीच असते."

मेलेल्यांचा वाटा वेगळा. तो भादव्याच्या अंधाऱ्या पंधरवड्यात, आपल्याकडे ज्याला पितृपंधरवडा म्हणतात नेमक्या त्याच दिवसांत. त्यांचा समज असा, की मेलेल्यांना तेव्हा सोडले जाते, त्यांची तोंडे सुईच्या नाकाएवढी असतात आणि त्यांना उजेड सोसत नाही. म्हणून पहाटे अंधारात विहाराभोवती फिरत नाव घेऊन भाताचे गोळे टाकायचे. मेलेला माणूस सात विहार शोधतो आणि एकाही ठिकाणी घरच्यांचा भात मिळाला नाही तर शाप देतो. "इथे तर एकच विहार आहे," ता म्हणायचे. "बिचाऱ्यांचे चालणे वाचले."

थोडक्यात, जिवंताला मासा आणि मेलेल्याला भात. दोन्ही एकाच माणसाला कधी नाही. जिवंत माणसाचे नाव भाताबरोबर घेतले, तर त्याला आपणच त्या बाजूला लोटले असे होते. आणि मेलेल्याचे घेतले नाही, तर तो उपाशी फिरतो. ता दरवर्षी पत्नीचे आणि मुलींचे नाव घेत, आणि मुलाच्या नावापाशी येऊन थांबत. त्याच्यासाठी बाजारातून आणलेला मासा मुरवून त्यांनी खिडकीखाली एक बरणी ठेवली होती. दरवर्षी जुना मासा काढून नवा भरत. बर्फातला मासा त्यात घालताना त्यांना लाज वाटे. आपण सगळ्यांनी मिळून धरलेला मासा पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

आमचे डॉक्टर म्हणतात, की त्या गावाचे हे चित्र मी रंगवून सांगतो. माझ्या स्वतःच्या गावी जे मिळाले नाही ते मी कंबोडियाला चिकटवतो, असे त्यांचे निदान आहे. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या गावालाही तळे होते. उन्हाळ्यात ते आटले, की आधी जाळी पडत, मग गावातल्या बाकीच्यांची पोरे उतरत आणि आमच्या वस्तीने पाळीवर उभे राहायचे, चिखल उरेपर्यंत. चिखलात जे सापडे ते आमचे. हे मी लपवलेले नाही. परंतु तांच्या गावात श्रीमंत-गरीब होते, दुष्ट माणसे होती, हेही मीच लिहितो आहे. त्यांच्या मुलाला कालव्यावर नेणाऱ्यांत त्यांच्याच गावचा एक होता. एका सकाळी सगळे एका पाण्यात उतरत, इतकेच मी म्हणतो, आणि ते मला एका साक्षीदाराने सांगितले आहे. डॉक्टरांकडे साक्षीदार नाही.

एका उन्हाळ्यात इकडे पाऊस जवळजवळ झालाच नाही. हिरवळी पिवळ्या पडल्या, मक्याची शेते वाळली. एका पुलाच्या मोजणीसाठी मी शहराबाहेर नदीवर गेलो असता, नदीपासून तुटून राहिलेल्या एका डबक्यात मोठमोठे कार्प मासे पाठी उघड्या टाकून हलताना दिसले. संध्याकाळी मी तांना जाऊन सांगितले. मग त्यांनी भाचीला विचारले, की धुलाईघरातल्या फुटक्या टोपल्या कुठे टाकतात.

त्या टोपल्यांचे, म्हणजे कपडे धुवायला टाकायच्या प्लास्टिकच्या टोपल्यांचे, तळ कापून त्यांनी मासे दाबायची साधने केली. रविवारी विहारातली चार-पाच कुटुंबे गाड्यांतून निघाली. तांनी काठावर एका झाडाखाली भात आणि बिअरचा डबा ठेवला. या मुलखाचा राखणदार कोण ते माहीत नाही, पण जो असेल त्याने रागावू नये, असे ते पुटपुटले. मग आम्ही ओळ धरली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. चिखलाने ती कमरेपर्यंत नेली. माझ्या एका बाजूला ता आणि दुसऱ्या बाजूला भाची. मी पहिल्यांदा टोपली दाबली तेव्हा ती रिकामी होती, दुसऱ्यांदा आत असे काही उसळले की मी पाठीवरच पडलो. ता हसले. त्यांना तसे हसताना मी पूर्वी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाही. ते भाचीला काही म्हणाले आणि तिने मला सांगितले, "मामा म्हणतात, बुद्धाच्या देशातले लोक मासे बसून धरतात का?"

वनखात्याचा रखवालदार आला तो आम्ही अर्धे काम केल्यावर. त्याने आम्हांला पाण्याबाहेर बोलावले. खमेर लोक गणवेश पाहून असे गप्प झाले, की मुलांनीही हातातले मासे सोडून दिले. बोलायचे काम मी अंगावर घेतले आणि मी नमते घेतले नाही. डबके आठवड्याभरात आटणार, मासे कुजणार, त्यात कुणाचे नुकसान आहे ते दाखवा, असे मी त्याला विचारले. तो माझ्याकडे न बघता बादलीत बघत राहिला. "तुम्ही लोक हे खरेच खाता?" असे त्याने विचारले आणि टोपल्या पुन्हा इथे दिसता कामा नयेत, एवढे बजावून तो गेला. मासे आमच्याकडेच राहिले. विहारातले लोक आजही सांगतात, की त्याला दया आली. दया नव्हती, किळस होती. मी त्याच्यासमोर उभा होतो.

त्यानंतर साधारण पंधरवड्याने भाची आमच्या दारात आली. तिच्या हातात काचेची मोठी बरणी होती, आणि तीत मिठात मुरत घातलेला मासा. जो पाण्यात उतरला त्याचा वाटा, असे मामांनी सांगितले आहे, असे ती म्हणाली. माझी पत्नी आनंदली. सुकटीच्या वासावर वाढलेली बाई ती. आमच्या मुलीने मात्र नाक दाबले आणि म्हणाली, "आई, धिस इज सो ग्रोस." जाताना भाची एवढेच म्हणाली, "काका, बरणी परत हवी आहे मामांना."

हे तिचे शब्द आहेत. ती आता म्हणते, की ही तिच्या मामेभावाची बरणी आहे, हे तिने मला सांगितले होते. घरमालकाने वासाच्या तक्रारीवरून खिडकीखालचे सगळे फेकायला लावले, एवढी एकच बरणी तांनी वाचवली, आणि मुलाच्या वाट्यातला पहिला घास माझ्यासाठी काढला, कारण धरणारा हात माझा होता, हे सगळे तिने दारात सांगितले, असा तिचा दावा आहे. तिने ते सांगितले नाही. मी दारातच उभा होतो, आणि पत्नीही होती. पत्नी आज हयात नाही, नाहीतर तिने हेच सांगितले असते.

आता आमची रीत. शेजाऱ्याचे भांडे आमच्याकडे रिकामे परत जात नाही. ही रीत मी काढलेली नाही. माझ्या आईच्या घरात धान्य नसे तेव्हा ती परत जाणाऱ्या वाटीत कढीपत्त्याची एक डहाळी घालून पाठवी. त्या वर्षी पत्नी नुकतीच गावाहून आली होती आणि तिने येताना चिन्नोर तांदूळ आणला होता. चिन्नोर ज्याला माहीत नाही त्याला एवढेच सांगतो, की तो शिजत असला, की तीन घरे पलीकडे कळते. कस्टमच्या माणसाला हात जोडून तिने तो आणला होता आणि आमच्या मुलीलाही मोजून वाढत होती. मासा संपल्यावर तिने बरणी घासली, उन्हात वाळवली आणि गळ्यापर्यंत चिन्नोरने भरली. याहून मोलाचे काही आमच्या घरात नव्हते.

ती बरणी मी स्वतः घेऊन गेलो. तांनी झाकण उघडले. वास घेतला. मग झाकण तसेच हातात धरून ते खिडकीकडे बघत बसले. हा तांदूळ कुठला, असे त्यांनी विचारले. आमच्या गावचा, आमच्याच तळ्याच्या पाण्यावर पिकलेला, असे मी सांगितले, आणि ते अभिमानाने सांगितले, हे नाकारत नाही. तांनी बरणी जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर हात जोडले. मला वाटले, ते आभार मानत आहेत. भाची चुलीपाशी उभी होती. तिच्या हातातले पातेले तसेच राहिले. मी चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पंधरवडा सुरू होणार होता. मी पंचांग पाळत नाही. ज्या गोष्टी सोडल्या त्यांच्या तिथी मी लक्षात का ठेवाव्यात?

ज्या माणसाने मुलाच्या बरणीतला मासा काढून त्यात काय येते याची वाट पाहिली, त्याच्याकडे ती बरणी भाताने भरून परत आली, आणि आणणारा माणूस बुद्धाच्या देशातला. तांनी ते मुलाविषयीचे उत्तर मानले. हे मला भाचीने पुढे, काही महिन्यांनी सांगितले, तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला. तुला तिथल्या तिथे कळले होते, तर त्या खोलीत तू तोंड का उघडले नाहीस? एक वाक्य पुरे होते. ही यांच्याकडची रीत आहे, मामा, याला काही अर्थ नाही, एवढेच. वडीलधाऱ्यापुढे बोलता येत नाही वगैरे सांगायला ती मोकळी होती. ते तिने सांगितले नाही. ती म्हणाली, "तुम्ही किती खूश होतात, काका. तुमच्यासमोर कसे सांगणार?"

तिने मला काका म्हटले ते त्या दिवशी शेवटचे. त्यानंतर ती मला मिस्टर म्हणते.

पंधरवड्याच्या शेवटच्या पहाटेला तांनी मला बोलावले. माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून डॉक्टरांनी सोडले. सोडून परत जायचे होते, पण ते पाहायला थांबले आणि पायरीवर उभे राहिले. विहारामागच्या गल्लीत दिवे विझवले होते. कचऱ्याच्या पिंपांच्या मधून लोक अनवाणी फिरत होते, तोंडाने नावे घेत होते, मुठीतला भात सोडत होते. तांच्या ताटात चिन्नोरचे गोळे होते. सबंध गल्लीला त्याचा वास येत होता. पत्नीचे नाव त्यांनी घेतले, मुलींचे घेतले. मग ते नेहमीच्या जागी थांबले. आणि त्यांनी मुलाचे नाव घेतले. मंत्र म्हणावा तसे नाही. शेतात असलेल्या पोराला जेवायला हाक मारावी तसे, मोठ्याने. आजूबाजूचे लोक थांबले. त्यांच्या भाचीने तोंडावर पदरासारखी ओढणी धरली.

तांचा हात उठेना. गोळा हातात होता आणि हात उठत नव्हता. त्यांनी तो माझ्या तळव्यावर ठेवला. मी टाकला.

मी पिंड दिला नाही. पिंड देणारा आपल्या पितराला देतो, काही मागतो, काही घाबरतो. मी एका माणसाचा हात चालत नव्हता म्हणून त्याच्याऐवजी माझा चालवला. परतताना गाडीत डॉक्टर म्हणाले, "अहो, हे पिंडदानच झाले." मी म्हणालो, ज्याच्यासाठी टाकला तो माझा कुणी नव्हता. ते म्हणाले, "मग तुम्ही नाव कुणाचे घेतलेत?" मी नाव घेतले नाही. तांनी घेतले होते. डॉक्टर सांगतात, की मीही पुटपुटलो. त्या अंधारात, त्या गोंगाटात, पायरीवरून त्यांना माझे ओठ दिसले असतील, तर मी त्यांच्या दृष्टीचे अभिनंदन करतो.

त्या हिवाळ्यात सीमेवरच्या छावणीतून एक कुटुंब आले. त्यांच्यातल्या एकाने सांगितले, की तांच्या गावचा, त्या वयाचा, उजव्या भुवईवर व्रण असलेला एक माणूस त्याने छावणीत पाहिला होता, काही वर्षांपूर्वी. तांच्या मुलाच्या भुवईवर व्रण होता. कोणत्या भुवईवर, हे भाचीला आठवत नव्हते. तिने मामांना हे सांगितले. ता म्हणाले, "तो मेला आहे. त्याने भात खाल्ला." ती रडली, ओरडली, तरी त्यांनी त्या माणसाला भेटायलाही नकार दिला. शोध घेणाऱ्या कचेरीत जाणे त्यांनी भात टाकल्यापासूनच बंद केले होते.

मी स्वतः छावणीला पत्र लिहिले. हे भाची कधीच सांगत नाही. उत्तर आले नाही. ती छावणी तोवर दुसरीकडे हलली होती, आणि पत्रात मी कोणता व्रण लिहायचा होता? मग मी तांना भेटायला गेलो आणि बरणीची हकीगत नीट, शांतपणे, भाचीमार्फत त्यांना समजावून सांगितली. आमच्या घरची रीत सांगितली. कढीपत्त्याच्या डहाळीचेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, की रीत कोणाची का असेना, बरणीत भात होता. आणि जर मुलगा जिवंत असेल, तर बापाने त्याला जिवंतपणी मेलेल्यांत बसवले. तेव्हा तो मेलेलाच बरा. भाचीने हे भाषांतर केले आणि ती खोलीतून निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस चांगला झाला आणि डबके झालेच नाही. झाले असते तरी ता आले नसते. मी विचारले होते. कोणासाठी धरायचे, असे त्यांनी विचारले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. विहारात त्यांच्या अंत्यविधीला मी मागच्या ओळीत बसलो. भाचीने मला पुढे बोलावले नाही.

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी ती बरणी आमच्या दाराबाहेर ठेवलेली मिळाली. स्वच्छ घासलेली, कोरडी, झाकण लावलेली, आणि रिकामी. भांडे रिकामे पाठवत नाहीत, हे भाचीला माझ्या पत्नीने आमच्याच स्वयंपाकघरात सांगितलेले होते. पत्नी ती बरणी हातात घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली.

भाची अजून या शहरातच आहे. विहारात भेटली तर मान लववते. पंधरवड्यात ती मामा-मामीचे आणि बहिणींचे नाव घेते. मामेभावाचे घेत नाही. त्याच्यासाठी मासाही ठेवत नाही, कारण ती म्हणते, की आता कुठला वाटा त्याचा हे तिला सांगता येत नाही, आणि ज्याच्यामुळे हे झाले त्याला विचारा. मला कुणी विचारलेले नाही. विचारले तर मी हेच सांगेन, जे वर लिहिले आहे.

बरणी माझ्या फडताळात आहे. तिच्यात मासा घातला तर भाचीचे खरे होते. तांदूळ घातला तर तांचे. मी काहीच घालत नाही. मागच्या आठवड्यात मुलगी आली होती, तिने टेबल आवरताना पेने आणि चष्म्याची पेटी बरणीत ठेवली. मी ते सगळे बाहेर काढले. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ जार." मी झाकण लावले आणि बरणी पुन्हा फडताळात ठेवली.